दगडावरची खूण आणि सातबारावरची ओळ



उन्हाळ्यात मातीचे नमुने घ्यायला गावात गेलो की एक प्रश्न हमखास येतो. मी शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेत असतो, कडेची माती खरवडून घमेल्यात जमा करत असतो, आणि बांधावरून कोणीतरी ओरडतो, "काय साहेब, हंडा लागला का?" सगळे हसतात. मीही हसायचो. पण एका गावात जे पाहिले, त्यानंतर त्या थट्टेवर मला हसू येत नाही. आजचे लिहिणे त्याबद्दलच आहे.

गावाचे नाव सांगत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यातले, डोंगराच्या पायथ्याचे एक गाव, एवढे पुरे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या खाचराच्या बांधात एक उभा दगड होता, कंबरेएवढा. वर चंद्र-सूर्य कोरलेले, मधे कलश, खाली झिजलेल्या ओळी, आणि अगदी तळाला गाढव आणि बाई यांचे शिल्प. घरातल्या बायका तिकडे बघतसुद्धा नसत. पोरे त्याला 'गाढवाचा दगड' म्हणायची. पिढ्यान् पिढ्या तो तिथे होता. त्याने कोणाचे वाईट केले नाही आणि भलेही केले नाही.

एके दिवशी बाहेरगावचा एक 'जाणकार' आला. त्याने दगडाला प्रदक्षिणा घातली, बोटाने ओळी चाचपल्या आणि सांगितले, "हे बीजक आहे." त्याचा उलगडा असा : कलश म्हणजे हंडा. चंद्र-सूर्य म्हणजे अमावास्येचा मुहूर्त, कारण त्या दिवशी दोघे एकत्र असतात. गाढव म्हणजे ओझे, अर्थात माल भरपूर आहे. गाढवाचे तोंड ज्या दिशेला, त्या दिशेने सात पावले जा आणि खणा. ओळींमध्ये काय लिहिले आहे असे विचारले, तर म्हणाला, "ते मंत्र आहेत, मोठ्याने वाचायचे नसतात." हे सगळे त्याने पाच मिनिटांत वाचले, आणि पूजेसाठी चाळीस हजार रुपये मागितले.

हे मला त्या शेतकऱ्यानेच सांगितले, नमुने घेताना. मी त्यांना काका म्हणतो. मी काय केले? हसलो. "काका, त्यापेक्षा चाळीस हजारांचं खत टाका" असे म्हणून मोटारसायकलला किक मारली. ही माझी चूक. ती आधीच कबूल करतो.

तीन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा खाचरात माणूस उभा राहील एवढा खड्डा होता. मुरूम वर आलेला. बांध दोन हात फुटलेला. आणि दगड? 'हंडा दगडाखालीच सरकला' असे म्हणून त्या जाणकाराने तो पहारीने उपटला होता. उपटताना त्याचे तीन तुकडे झाले. हंडा निघाला नाही. मग त्याने शेवटचा उपाय सांगितला : पायाळू मूल आणा, रात्री खड्ड्यात बसवा, त्याला दिसेल. काकांच्या भावाचा मुलगा पायाळू, सहावीत शिकणारा. पण त्याची आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "माझ्या पोराला रात्री खड्ड्यात बसवायचं? आधी मला बसवा, मग त्याला," एवढेच ती म्हणाली. त्या एका वाक्यामुळे पुढचे टळले. जाणकार पहाटेच्या गाडीने गेला. चाळीस हजारही गेले.

त्या वहिनींना शाळा चौथीपर्यंतच मिळाली. पण त्या रात्री गावात वाचता येणारे माणूस तेवढे एकच होते, असे मला वाटते.

आता आपण तो दगड नीट वाचू.

लपवणारा माणूस चौकात पाटी लावत नाही

त्या दगडाला गधेगाळ म्हणतात. कोकणात आणि देशावर असे दगड ठिकठिकाणी आहेत, आणि त्यांचा अर्थ गूढ नाही. राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने एखादी जमीन, वाडी किंवा गावचे उत्पन्न देवळाला वा एखाद्या माणसाला दान दिले की त्याची नोंद दगडावर कोरून तो दगड त्याच जागी उभा करायचे. वरचे चंद्र-सूर्य मुहूर्त सांगत नाहीत. हे दान चंद्र-सूर्य आहेत तोपर्यंत चालावे, असे ते सांगतात. कलश हा मंगलकलश आहे, हंडा नव्हे. आणि खालचे गाढव म्हणजे शिवी आहे. जो हे दान मोडील, ही जमीन बळकावील, त्याच्या आईला ही शिवी लागो. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कळावी म्हणून चित्रात कोरलेली. आजच्या भाषेत सांगायचे तर वर मुदत, मधे फेरफार आणि खाली दंडाचे कलम.

उदाहरणे हवीत तर आपल्या आसपासच आहेत. मुंबईत परळला सापडलेली गधेगाळ शक ११०८ ची, शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातली. ती आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिच्यात काय आहे? माहुल भागातल्या एका वाडीच्या उत्पन्नातले २४ द्रम्म देवाच्या पूजेसाठी दिल्याची नोंद. द्रम्म म्हणजे त्या वेळचे नाणे. कल्याणपलीकडे भिवंडी तालुक्यात लोनाडजवळ चौधरपाड्याचा लेख आहे, शक ११६१ चा, केशिदेव राजाचा. त्यात ब्रह्मपुरी नावाची वाडी दान दिल्याचे लिहिले आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा दगड तर मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून ओळखला जातो. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला. तिथेही चंद्र-सूर्य आहेत आणि तीच गाढवाची शिवी आहे. तो दगड कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला पडून होता. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाशी मराठी भाषेचे जन्मपत्र पडले होते, आणि त्यात कुठल्याच हंड्याचा पत्ता नव्हता.

दगड राहू द्या, ताम्रपट घ्या. एकोणिसाव्या शतकात भांडुपच्या शिवारात शिलाहार राजा छित्तराजाचा ताम्रपट सापडला, शक ९४८ चा, म्हणजे इ.स. १०२६ चा. गुप्तधनाची वाट बघणाऱ्याला याहून मोठी खूण कोणती? जमिनीतून निघालेले तांब्याचे पत्रे, त्यांवर न कळणारी अक्षरे! पण जाणत्यांनी वाचले तेव्हा काय निघाले? एका शेताचे दान आणि त्या शेताच्या चतुःसीमा. आज आपण खरेदीखतात 'पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक' असे लिहितो, तीच रीत.

थोडा विचार करा. ज्याला धन लपवायचे आहे तो त्याची खूण कंबरेएवढ्या दगडावर कोरून, वर चंद्र-सूर्य काढून, वाटेच्या कडेला उभी करील का? सगळ्यांनी पाहावे म्हणून उभ्या केलेल्या पाटीलाच आपण 'गुप्त' म्हणत आहोत.

खरा लपवणारा कसा असतो तेही सांगतो. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीत उभे राहिलेले शहर. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून मी ताडपत्री घेतो. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, "आमच्या आजोबांनी निघताना घरात दागिने पुरले होते." मी विचारले, "खूण?" ते म्हणाले, "दाराच्या चौकटीपासून किती पावलं ते फक्त दोन मुलांना तोंडी सांगितलं. कागदावर नाही, भिंतीवर नाही." खूण त्यांना आजही पाठ आहे. घर सीमेच्या पलीकडे आहे. "ते तिथल्या मातीचं झालं. इथे काउंटरवर कमावलं तेवढं आमचं," असे म्हणून त्यांनी ताडपत्रीची घडी घातली. खरी खूण अशी असते. ज्याने ठेवली त्याला आणि त्याच्या माणसांना कळणारी. ती परक्या माणसाला पाच मिनिटांत वाचता येत नाही, आणि परक्याला वाचता येते ती गुप्त नसते.

वीरगळ, सतीशिळा आणि बाणाची खूण

गधेगाळीची जी गत, तीच बाकीच्या दगडांची. वीरगळ घ्या. एकावर एक चौकटी असतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा मेलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना. गावासाठी, गुराढोरांसाठी जो मेला त्याची ती आठवण. हंडे शोधणारे म्हणतात, "तीन चौकटी म्हणजे तीन पुरुष खोल." सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. ती गेलेल्या बाईची खूण. हे म्हणतात, "हात दिशा दाखवतोय." गाय-वासराचा दगडही दानाचाच. हे म्हणतात, "गाय जिथे बघते तिथे खणा." आणि जुन्या सर्वेक्षणाच्या दगडांवर आडवी रेघ व तिच्याखाली बाण असतो. ती मोजणीखात्याची उंचीची खूण. तो बाण पाहूनही खड्डे खणलेले आहेत!

म्हणजे दगड कोणताही असो, उत्तर आधीच ठरलेले : हंडा. कोडे सोडवायची ही रीतच उलटी आहे. ज्या वाचनात प्रत्येक खुणेचा अर्थ एकच निघतो, ते वाचन नव्हे.

खरे वाचन कसे असते ते आपल्या अंबरनाथच्या देवळात पाहा. वालधुनीच्या काठचे हे शिवमंदिर. पांडवांनी एका रात्रीत बांधले, खाली भुयार आहे, असल्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. गाभारा खोल आहे, पायऱ्या उतरून जावे लागते, म्हणून भुयाराची गोष्ट लोकांना पटते. पण या देवळाची खरी हकीकत देवळानेच दगडावर लिहून ठेवली. तो शिलालेख आधी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वाचला आणि त्यातला शकाचा आकडा ७८२ असा लावला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा तपासला आणि आकडा ९८२ आहे हे दाखवले. म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. पहिल्याच आकड्याच्या वाचनाने देऊळ दोनशे वर्षे इकडचे तिकडे झाले! लेखात राजाचे नाव आहे, त्याच्या अधिकाऱ्यांची नावे आहेत, बांधकामाची नोंद आहे. धनाचा पत्ता नाही.

यात शिकण्यासारखे काय? भाऊ दाजी हे आपल्या काळातले मोठे विद्वान. तरी त्यांचा एक आकडा चुकला, आणि तो दुसऱ्याने उघडपणे, छापून, दुरुस्त केला. वाचन म्हणतात ते याला. एकाने वाचायचे, दुसऱ्याने तपासायचे, चूक निघाली तर मान्य करायची. आपल्या जाणकाराचे वाचन कोण तपासणार? ते अमावास्येला, बॅटरीच्या उजेडात, चारचौघांपासून लपवून चालते. हंडा निघाला नाही तर वाचन चुकले असे तो कधी म्हणत नाही. हंडा सरकला म्हणतो. पूजा कमी पडली म्हणतो. बळी हवा म्हणतो.

तो शेवटचा शब्द हलका समजू नका. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावात लहान मुलींचे आणि बायकांचे खून झाले. पिंपळाखालचे गुप्तधन आणि मूल होण्याची आस, ही त्यामागची कारणे खटल्यात पुढे आली. सारा महाराष्ट्र हादरला होता. त्या गोष्टीची सुरुवातही अशाच कुठल्यातरी खुणेच्या 'अर्था'ने झाली असणार. पायाळू पोराला खड्ड्यात बसवा म्हणणारा माणूस त्याच वाटेवरचा आहे. तो किती पुढे जाईल हे आपल्याला आधी कळत नाही.

कायदा काय सांगतो

आपल्याकडे या बाबतीत कायदा आहे, आणि तो साधा आहे.

पहिला कायदा १८७८ चा, भारतीय निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे : काय सापडले, किती, कुठे आणि केव्हा. न कळवता दडवले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जमीनमालकाने दडवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा आहे. उलट रीतसर कळवले, पुरणाऱ्याचा वारस पुढे आला नाही आणि वाद नसला, तर साधारणपणे तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारने स्वतःसाठी घ्यायचे ठरवले तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देते. म्हणजे नांगरताना खरोखरच काही लागले, तर प्रामाणिकपणात तोटा नाही.

दुसरा कायदा २०१३ चा, ज्याला आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. गुप्तधन किंवा पाणी शोधण्याच्या नावाखाली करणी-भानामतीचे अघोरी प्रकार करणे, बळीला उत्तेजन देणे, हा त्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. तक्रार पोलीस ठाण्यातच करायची.

तिसरी गोष्ट मांडुळाची. हंडा दाखवतो म्हणून हा बिचारा साप पकडतात, लाखांचे सौदे करतात आणि तुरुंगात जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. मांडूळ धन दाखवत नाही, उंदीर खातो. भातशेतीत उंदीर काय करतात ते मी तुम्हाला सांगायला नको. त्याला शेतात राहू दिले तर तो तेवढे धन खरोखर वाचवतो.

खड्ड्याने काय नेले

आता माझ्या कामाचे बोलतो. काकांचे चाळीस हजार गेले, ते सगळ्यांना दिसले. जे दिसले नाही ते मी सांगतो.

भाताचे खाचर एका वर्षात होत नाही. दरसाल चिखलणी करून करून वितीखाली एक घट्ट थर बसतो. त्याच्यामुळे पाणी खाचरात उभे राहते. खड्ड्याने तो थर फोडला. पावसाळ्यात त्या जागी पाणी ठरेना, झिरपून जायला लागले. वर आलेला मुरूम पसरल्याने चांगली माती खाली गेली. फुटलेल्या बांधातून पाण्याबरोबर खत वाहून गेले. खालच्या शेतकऱ्याच्या रोपांवर माती बसली, त्यावरून दोन घरांत बोलणे बंद झाले. त्या साली त्या खाचरात लोंब्या आल्या त्या निम्म्या पोचट. खड्डा परत भरताना माझ्या सांगण्यावरून आधी मुरूम, मग माती, मग शेणखत असे थर घातले, पाणी सोडून तुडवले. पण तो थर पूर्वीसारखा व्हायला काही पावसाळे लागतील.

आणि दगड. त्याचे तुकडे मी बघितले. एका तुकड्यावर तीन-चार अक्षरे शाबूत होती. फोटो काढून इतिहास शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना दाखवले. ते म्हणाले, "गधेगाळ आहे यात शंका नाही. पण नाव आणि शक जिथे असतात तो भाग फुटलाय. आता हे कुणाला वाचता येणार नाही." कोणत्या राजाने, कोणत्या साली, त्या गावची कोणती जमीन कोणाला दिली, हे शेकडो वर्षे ऊन-पावसात टिकले आणि एका रात्रीत पहारीखाली गेले. त्या गावाचा सर्वांत जुना सातबारा तो. तो फाडला आणि फाडणाऱ्याला आपणच पैसे दिले.

आता खरा सातबारा

खड्डा भरून झाल्यावर काका माझ्याजवळ बसले. पेरणीच्या अनुदानाच्या कामासाठी सातबारा आणला होता. मी विचारले, "काका, 'इतर हक्क'मध्ये काय आहे ठाऊक आहे का?" काका म्हणाले, "ते तलाठ्यालाच कळतं. ते काय आपल्याला वाचता येतंय?"

मी कागद वाचून दाखवला. वडिलांच्या वेळचा सोसायटीचा बोजा अजून तसाच होता. कर्ज फिटून किती वर्षे झाली, पण कमी करायला कोणी अर्जच दिला नव्हता. एका बहिणीचे नाव वारसनोंदीत होते, ते काकांना माहीत नव्हते. आणि मागच्या वर्षी जमीन घेतो म्हणून आलेल्या एका दलालाला त्यांनी 'साधा कागद' म्हणून जी सही दिली होती, ती साठेखतावर होती की कुलमुखत्यारपत्रावर, हेही त्यांना सांगता येईना. प्रत मागून घेतलेली नव्हती.

मला तिथे खरा धक्का बसला. ज्या दगडाचे एक अक्षर लागत नव्हते, त्याच्या अर्थासाठी या माणसाने चाळीस हजार मोजले. आणि ज्या कागदावर त्याची सगळी दौलत साध्या मराठीत, नावानिशी, हेक्टर-आरमध्ये लिहिली आहे, तो त्याने कधी वाचलाच नव्हता! काका एकटे नाहीत. बदलापूर-अंबरनाथच्या दोन्ही बाजूंनी इमारती चढत आहेत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जिथे मी शाळेतून येताना वालाच्या शेंगा तोडून खायचो, तिथे आज पार्किंग आहे. गुंठ्याचा भाव ऐकला की छाती दडपते. म्हणजे धन आहे, आणि ते जमिनीतच आहे. गुप्त मुळीच नाही. दलालाला दिसते, बिल्डरला दिसते, बँकेला दिसते. दिसत नाही ते फक्त मालकाला, कारण त्याची नजर गाढवाच्या तोंडाच्या दिशेला सात पावलांवर आहे.

जमीन विकू नका, असे मी म्हणणार नाही. तो तुमचा प्रपंच, तुमचा निर्णय. पण वाचून विका. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, बारा म्हणजे तिच्यावर काय पिकले. इतर हक्काचा रकाना बोटाने ओळ ओळ वाचा. फेरफाराची नोटीस आली तर चुलीत घालू नका, तिला हरकतीची मुदत असते. समजले नाही तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या, तलाठ्याला विचारा, मग दुसऱ्या कोणाला तरी विचारा. भाऊ दाजींचा आकडा जिथे दुसऱ्याने तपासला, तिथे आपला सातबारा दुसऱ्याला दाखवायला लाज कसली?

आणि शिवारात कोरलेला दगड असेल तर एवढे करा. हलवू नका. शेंदूर, तेल, चुना फासू नका. अक्षरे दिसावीत म्हणून विटेने घासू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात अक्षरे आपोआप उठून दिसतात, तेव्हा फोटो काढा आणि ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. त्याने तुमची जमीन जाईल ही भीती घालणारे बरेच भेटतील. पण तुमच्या शेतात गावाचा इतिहास उभा आहे, ही नामुष्की नव्हे, मान आहे. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते झाडही पिढ्यान् पिढ्या आपल्या डोळ्यांसमोरच उभे होते की.

काकांनी यंदा त्याच खाचरात चारसूत्री पद्धतीने लावणी केली. दोरी धरून, पंचवीस आणि पंधरा सेंटिमीटरच्या अंतराने, एका चुडात दोन-तीन रोपे. आणि चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट, चार बोटे खोल दाबून. पायाळू पुतण्या दोरी धरायला होता. त्याने विचारले, "साहेब, इथे खूण नको का करायला? नंतर सापडणार कसं?"

मी म्हटले, "खूण नको. दिवाळीला भात सांगेल कुठे पुरलं होतं ते."